हाय-स्पीड कॅमेरा, तेरड्याची बोंडं आणि मुंगीचे जबडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत किंवा निसर्ग मंडळात स्लो मोशनच्या चित्रफिती दाखवल्या की नंतर चहाच्या कपाबरोबर तेच ते प्रश्न येतात. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. लोक ज्या क्रमाने विचारतात तोच क्रम ठेवलाय, त्यामुळे गाडी अधूनमधून रुळावरून घसरेल.

कुठला कॅमेरा घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, पण खरं तर तो शेवटी यायला हवा. आधी हे सांगा, तुम्हाला जी हालचाल बघायची आहे ती किती वेळात उरकते? कॅमेरा त्यावर ठरतो.

माझा हिशेब साधा आहे. हालचाल सुरू होऊन संपेपर्यंत निदान दहा-वीस फ्रेम मिळाल्या पाहिजेत. दोन-तीनच मिळाल्या तर काहीतरी झालं एवढं कळतं, कसं झालं ते कळत नाही.

व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटक खाणारी वनस्पती आपलं पान सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मिटते. फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमवर तिची चोवीस चित्रं मिळतात, काम भागतं. तेरड्याचं बोंड फुटायला काही मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही हजारावे भाग, लागतात. तीन मिलिसेकंद धरा. २४० फ्रेमवर दोन चित्रांमधलं अंतरच चार मिलिसेकंदांच्या वर असतं, म्हणजे एका चित्रात बोंड आहे आणि पुढच्यात नाही. तिथे १०,००० फ्रेम लागतात, मग तीसेक चित्रं हाती येतात.

अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजच्या जोन एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंचबेरी नावाच्या बुटक्या रानझुडपाचं फूल चित्रित केलं, त्यांचीही हीच गत झाली होती. १,००० फ्रेमचा कॅमेरा लावला तरी फूल उमलतानाचं चित्र पुसटच येत होतं. १०,००० वर गेल्यावर कळलं की फूल अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उमलतं आणि परागकण हवेत भिरकावतं. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी तुतीने त्यालाही मागे टाकलं. पांढऱ्या तुतीच्या नरफुलातला पुंकेसर सुमारे पंचवीस मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा हजारावा भाग) उलगडतो आणि आवाजाच्या निम्म्याहून जास्त वेग गाठतो. १०,००० फ्रेमच्या दोन चित्रांमधल्या फटीत हा कार्यक्रम चार वेळा उरकेल. आपल्याकडे रेशीम शेतीसाठी एकरच्या एकर तुती लावतात, पण पाल्याकडे बघण्याच्या नादात तिच्या फुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फोनमध्ये ९६० फ्रेम लिहिलंय. मग वेगळा कॅमेरा कशाला?

बारकाईने बघा. काही फोन खरोखर तेवढी चित्रं घेतात, पण सेकंदाच्या एका तुकड्यापुरतीच. काही फोन कमी चित्रं घेऊन मधली चित्रं स्वतःच रचून भरतात. लग्नात अक्षता पडताना दाखवायच्या असतील तर हरकत नाही. मोजमाप करायचं असेल तर रचलेली फ्रेम म्हणजे भेसळच, कारण नेमक्या ज्या क्षणी काय घडलं ते तुम्ही शोधताय तोच क्षण फोनने कल्पनेने भरलेला असतो.

असं असलं तरी फोनला मी कमी लेखत नाही. पुढे मांजराचं उत्तर वाचा.

फ्रेम जास्त आहेत तरी चित्र पुसट येतं. का?

कारण शटर. सेकंदाला किती चित्रं घ्यायची हा एक भाग झाला. प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहतो, हा वेगळा. सेकंदाला चार मीटर वेगाने निघालेलं बी १/१००० सेकंदात चार मिलिमीटर पुढे जातं. तेरड्याचं बी स्वतःच दोन-तीन मिलिमीटरचं, म्हणजे चित्रात बी नाही, शेपटी दिसणार. शटर १/२०,००० वर आणलं की ती सरक ०.२ मिलिमीटरवर येते आणि बी गोल दिसतं.

पण शटर इतकं कमी वेळ उघडलं की चित्र काळं येतं. मग सगळा खेळ प्रकाशाचा होतो. या कामातली निम्मी मेहनत दिव्यांवर जाते, हे कुणी आधी सांगत नाही. कडक उन्हात उजळ वाटणारं फूल लेन्समध्ये अंधाऱ्या माजघरात ठेवल्यासारखं दिसतं.

घरातले साधे दिवे चालत नाहीत, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण १,००० फ्रेमवर दर दहा चित्रांना उजेड वरखाली होतो आणि चित्रफीत श्वास घेतल्यासारखी दिसते. डीसीवर चालणारे, न लुकलुकणारे एलईडी हवेत. हॅलोजनचा उजेड भरपूर असतो, पण त्याच्यासमोर मुंगी दोन मिनिटांत भाजून निघते आणि बोंड आपोआप तडकतं.

इतक्या पटकन होणाऱ्या गोष्टीला बटण दाबायला वेळ कधी मिळतो?

मिळतच नाही. माणसाला काही दिसून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग निघून जातो. म्हणून बटण घटना झाल्यावर दाबायचं.

हा कॅमेरा सतत चित्रं घेतो आणि मेमरी भरली की जुनी पुसून नवी लिहितो, रहाटाच्या पोहऱ्यांसारखं. बटण दाबलं की तो थांबतो आणि मागचे एक-दोन सेकंद हाती ठेवतो. त्यापेक्षा जास्त नाही. १०२४ बाय १०२४ पिक्सेलची १२ बिटांची चित्रं सेकंदाला १०,००० घेतली तर दर सेकंदाला जवळपास १५ गिगाबाइटचा ढीग साचतो. ३२ गिगाबाइटची मेमरी दोन सेकंदांत भरते. म्हणून लोक चित्राचा आकार कमी करतात. लहान चौकटीत जास्त फ्रेम बसतात, मोठ्या चौकटीत कमी. दोन्ही एकदम हवं म्हटलं की खिशाला हात घालावा लागतो.

आपल्याकडची कुठली झाडं चित्रित करता येतील?

तेरडा. दुसरं उत्तर शोधायची गरज नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून त्याला बदनाम केलंय, पण गौरी गेल्यावर, आश्विनात, त्याची खरी करामत सुरू होते. बोंड फुगून फिकट हिरवं पडतं आणि बोट लावलं की हातातच फुटतं. हे प्रत्येकाने लहानपणी केलेलं असतं.

पहिल्यांदा त्याचं चित्रण केलं तेव्हा बाल्कनीत कुंडी, दोन एलईडी पॅनल, उसना आणलेला कॅमेरा आणि हातात खराट्याची काडी एवढी तयारी होती. पहिलं बोंड फोकस करताना फुटलं. दुसरं कुंडी दोन बोटं सरकवली म्हणून फुटलं. तिसऱ्याला काडी लावली, फुटलं, आणि मी बटण दाबायलाच विसरले. चौथं कच्चं निघालं. सहाव्या बोंडाला जमलं, तोवर दुपारचे अडीच वाजले होते आणि पोळ्या व्हायच्या होत्या.

पण ती तीस चित्रं बघण्यासारखी होती. आधी एका शिवणीवर केसाएवढी चीर पडते. पुढच्या दोन-तीन चित्रांत सालीच्या पट्ट्या सुटतात आणि आतल्या बाजूला घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळल्या जातात. बिया या गुंडाळीच्या तडाख्यात सापडतात आणि वेगवेगळ्या दिशांना उडतात. डोळ्याला जो ‘फट्’ दिसतो त्यात इतका क्रम असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसरी रुएलिया, बागेत कुंपणाला लावतात ती जांभळ्या फुलांची. तिच्या वाळक्या शेंगा पाण्यात टाकल्या की टिकल्यांसारख्या फुटतात. तिच्याच एका अमेरिकी बहिणीच्या बिया हवेत सेकंदाला १,६०० पेक्षा जास्त गिरक्या घेतात, असं २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या चमूने दाखवलं. चपट्या बिया गिरकीमुळे डगमगत नाहीत, हवेचा अडथळा कमी होतो आणि त्या लांब पडतात. क्रिकेटवाल्यांना हे लगेच पटतं.

आणि कास पठारावर?

कासवर भाद्रपदात जांभळा गालिचा पसरतो, त्यात सीतेची आसवे असतात. इवलंसं गोड फूल, पण जमिनीखालचं खातं वेगळंच. ही युट्रिक्युलॅरिया कुळातली, कीटकभक्षी. ओल्या मातीत हिचे मिलिमीटरभर फुगे असतात. फुगा हळूहळू आतलं पाणी बाहेर काढतो, त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि दार बंद राहतं. दाराशी असलेल्या केसांना एखादा सूक्ष्म जीव धडकला की दार आत वळतं आणि पाण्यासकट तो जीव आत खेचला जातो. युट्रिक्युलॅरियाच्या पाण्यात वाढणाऱ्या जातींवर हाय-स्पीड चित्रण झालं, त्यात हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत संपतं असं दिसलं. कीटकभक्षी वनस्पतींत याहून चपळ सापळा नाही.

मात्र कासला जाऊन हे चित्रित करू नका. फुगे मातीत असतात, त्यामुळे रोप उपटल्याशिवाय काही दिसणार नाही. ते पठार जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे रोपाला हात लावायचा नसतो. तळ्यात तरंगणाऱ्या जाती काचेच्या टाकीत वाढवून हे बघता येतं.

लाजाळूसाठी हाय-स्पीड कॅमेरा लागतो?

नाही. फोनचा साधा व्हिडिओ पुरतो. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूचा प्रतिसाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काजळी धरलेल्या काचेवर यंत्राच्या काट्याने टिपला होता, तोही सेकंदाच्या बारीक भागांपर्यंत. त्यांचं काम समजून घ्यायचं तर आधी लाजाळू आणि हातघड्याळ घेऊन बसा.

झाडांना स्नायू नसतात, मग इतका वेग येतो कुठून?

माझ्या मते खरा प्रश्न हाच, बाकी सगळं सामानसुमान.

गलोल आठवा. रबर ताणायला तुम्हाला सेकंदभर लागतो, सोडल्यावर खडा क्षणात जातो. हाताचा वेग बेताचाच, पण हाताने सावकाश भरलेली ताकद रबराने एकदम खर्च केली. झाडं हेच करतात. ताण सावकाश भरायचा, खटक्यावर धरून ठेवायचा आणि वेळ आली की खटका सोडायचा. तेरड्यात बोंडाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी पाण्याने टिच्च फुगलेल्या असतात, आतला थर त्यांना पसरू देत नाही. शिवण हा खटका.

व्हीनस फ्लायट्रॅपची युक्ती आणखी निराळी. शिवणयंत्राच्या तेलाच्या डबीचा तळ दाबला की तो ‘टक’ करून आत जातो ना? तसं. पान उघडं असताना त्याची दोन्ही दळं बाहेरच्या बाजूला वाकलेली असतात. आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की पेशींतल्या पाण्याचा तोल बदलतो, दळ हळूहळू वाकत जातं आणि एका मर्यादेनंतर स्वतःहून पलटी खातं. फोर्टेर, स्कॉथाइम, ड्युमे आणि महादेवन यांनी २००५ मध्ये हाय-स्पीड चित्रणावरून पानाचा बाक मोजून हे दाखवलं. चित्रणात तीन टप्पे वेगळे दिसतात: आधी सावकाश, मग झटक्यात, मग पुन्हा सावकाश. मधला झटका नुसत्या पाण्याच्या हालचालीने शक्य नव्हता, तिथेच गुपित फुटलं.

नेच्याचं तर मला विशेष कौतुक वाटतं. त्याच्या बीजाणूंच्या डबीवर जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं असतं. डबी वाळते तसं कड्यातलं पाणी उडतं, कडं मागे वाकतं आणि डबी उघडते. पाण्यावरचा ताण असह्य झाला की पेशींत बुडबुडे फुटतात आणि कडं पुढे झेपावतं. दगड फेकणाऱ्या जुन्या युद्धयंत्रात दांडा मध्येच अडवायला एक आडवी फळी लागायची, नाहीतर दगड जमिनीत जाऊन आपटायचा. नेच्याकडे अशी फळी नाही, तरी कडं अर्ध्या वाटेवर थबकतं आणि बीजाणू पुढे उडतात. सेकंदाला सव्वा लाख फ्रेमपर्यंत जाऊन २०१२ मध्ये याचं कारण सापडलं. कड्याच्या भिंतींतून पाणी झिरपायला वेळ लागतो, तीच त्याची फळी.

प्राण्यांकडे स्नायू आहेत. त्यांना खटक्याची काय गरज?

स्नायू एका मर्यादेपलीकडे पळत नाही. किलोमागे काही शे वॅट एवढीच त्याची पोच. मँटिस श्रिंप नावाचा सागरी जीव शिंपला फोडताना जो ठोसा मारतो, त्याला याच्या शेकडो पट ताकद लागते. तेव्हा हाताला रबर जोडलेलंच असणार.

शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो ठोसा मोजला, तर वेग निघाला सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, तोही पाण्यात. ताकद साठवण्याची जागा हाताच्या कवचावर दिसली, खोगिराच्या आकाराची. चित्रणातून दुसरीही एक गोष्ट बाहेर आली. ठोसा इतक्या जोराचा असतो की पाण्यात पोकळीचे बुडबुडे होतात आणि ते बुडबुडे मिटताना शिंपल्याला दुसरा दणका देतात. एका ठोशाच्या भावात दोन. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर याचे भाऊबंद येतात, पण ते बहुतेक भाला खुपसणारे, हातोडेवाले नाहीत.

ट्रॅप-जॉ मुंगीचे जबडे सापळ्यासारखे उघडे असतात आणि सरासरी ०.१३ मिलिसेकंदात मिटतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रणात मुंगी भक्ष्य पकडते तशीच जबडे जमिनीवर आपटून स्वतःला मागे उडवून घेते, हेही मोजता आलं. पावसाळ्यात गवताच्या काडीवर कुणीतरी थुंकल्यासारखा फेस दिसतो ना? त्यात वाढणाऱ्या किड्याच्या जातभाईंपैकी एक, जेमतेम सहा मिलिमीटरचा, सत्तर सेंटिमीटर उंच उडी मारतो. केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी २००३ मध्ये त्याची नोंद केली, तेव्हा जमीन सोडायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नव्हता.

नुसतं सुंदर चित्र मिळतं, की कुठला वाद मिटतोही?

मिटतो. पिसूचा मिटला. पिसवा रेसिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनात ताकद साठवतात हे १९६० च्या दशकातच कळलं होतं. भांडण पुढचं होतं: ढकलते कुठून? काहींचं म्हणणं, पायाच्या वरच्या सांध्यापासून. काहींचं म्हणणं, पाय खाली रेटून पंजातून. चाळीस वर्षं दोन्ही बाजू आपापल्या जागी. २०११ मध्ये सटन आणि बरोज यांनी सेकंदाला ५,००० फ्रेमवर पिसवा चित्रित केल्या. दहातल्या एखाद्या उडीत वरचा सांधा जमिनीला टेकतही नव्हता, तरी उडी तेवढीच. म्हणजे जोर पंजातून.

डास पावसात मरत कसे नाहीत?

आपला थेंब, आपला डास, प्रश्न आपल्याकडचाच, पण उत्तर जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातून आलं. मोठा थेंब डासापेक्षा पन्नासेक पट जड असतो. पण डास इतका हलका की थेंब त्याला धडकून अडत नाही, बरोबर घेऊन खाली जातो आणि थोड्या वेळाने डास बाजूला निसटतो. भिंतीला मारलेला चेंडू आणि हवेत तरंगणाऱ्या पिसाला मारलेला चेंडू यातला हा फरक. जमिनीच्या अगदी जवळ थेंब लागला तर मात्र डासाला सुटायला जागा उरत नाही.

पंखांची गोष्ट याहून नवलाची. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाचे पंख आठ कॅमेऱ्यांनी, प्रत्येकी सेकंदाला १०,००० फ्रेमवर टिपले गेले, २०१७ मध्ये. मधमाशीचा पंख साधारण ९० अंशांत फिरतो, डासाचा जेमतेम ४० अंशांत, पण सेकंदाला सातशे-आठशे वेळा. कानाशी येणारी ती गुणगुण म्हणजे हाच आकडा.

आपल्या देशातलं काम हवं असेल तर बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत संजय साने यांची प्रयोगशाळा आहे. माशीला मागच्या पंखांच्या जागी गदेसारखे दोन छोटे दांडके असतात, ते तिला तोल कळवतात. पंख आणि हे दांडके सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलूनही एकमेकांचा ताल चुकवत नाहीत. २०१५ मध्ये या प्रयोगशाळेतून दाखवलं गेलं की हा ताल मेंदू धरत नाही, छातीच्या कवचातली जोडणीच धरते. बैलगाडीची दोन चाकं एकाच कण्यावर असतात तसं काहीसं.

माझ्या फोनमध्ये मधमाशीचे पंख अगदी निवांत हलताना दिसतात. दमली होती का?

दमली नव्हती, फोनने फसवलं. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख मारते. तुमचा फोन २४० चित्रं घेतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये पंख जवळजवळ पूर्ण फेरा मारून आधीच्या जागेच्या किंचित मागे येतो. पुढच्या चित्रात आणखी किंचित मागे. चित्रफीत आठपट हळू लावली की पंख सेकंदाला एकदा-सव्वा वेळा हलताना दिसतो, तोही उलट्या क्रमाने. सिनेमात टांग्याची चाकं मागे फिरताना दिसतात, त्यातलाच प्रकार. अशा चित्रफितीवरून पंखांचा वेग काढून प्रकल्पाच्या वहीत लिहिलेला मी पाहिलाय, एकदा नाही, तीनदा.

घरातलं काही आहे का, कॅमेरा न घेता करता येण्यासारखं?

मांजर. वाटीत दूध ठेवा, फोन वाटीच्या काठाच्या पातळीवर, २४० फ्रेम, खिडकीतलं ऊन. मांजर जिभेने दूध उपसत नाही. जिभेचं टोक मागे वळवून पृष्ठभागाला नुसतं टेकवते आणि झटकन वर उचलते. जिभेमागे दुधाचा एक खांब वर ओढला जातो आणि तो कोसळायच्या आत मांजर तोंड मिटते. सेकंदाला तीन-चार वेळा. अमेरिकेतल्या चार शास्त्रज्ञांनी याचं गणित २०१० मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकाचं घरचं मांजरच कामाला लागलं होतं. कुत्र्याचं बघा, ते जीभ पाण्यात खोल बुडवतं आणि सगळीकडे शिंतोडे उडवतं.

पालही चांगली नायिका आहे, पण तिला मुद्दाम पाडू नका. पाल पाठीवर पडायला लागली तर शेपटी एका बाजूला फिरवते आणि शरीर दुसऱ्या बाजूला वळून सेकंदाच्या दहाव्या भागात पोटावर येतं. भिंतींवर राहणाऱ्या पालींच्याच एका जातीवर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २००८ मध्ये हे सिद्ध झालं. शेपटी टाकलेल्या पालीला ते तितकंसं जमत नाही.

सगळ्यात वेगवान प्राणी कोणता?

हा प्रश्न मला आवडत नाही, पण मुलं सोडत नाहीत. २०१८ मध्ये ड्रॅक्युला मुंगीच्या जबड्याचा वेग सेकंदाला ९० मीटर मोजला गेला. ती दोन्ही जबड्यांची टोकं एकमेकांवर दाबते आणि एक निसटू देते, आपण चुटकी वाजवतो तसं. उद्या कुणी आणखी वेगवान कॅमेरा लावला की उत्तर बदलेल.

हे सुरू कुणी केलं?

घोड्यामुळे सुरू झालं. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, घोडा जाताना तारा तुटायच्या आणि एकेक शटर पडायचं. दौडताना चारही पाय हवेत असतात हे दिसलं, पण पाय पोटाखाली जमा झालेले असताना. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या ते पुढे-मागे ताणून रंगवत आले होते. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, सेकंदाला बारा चित्रं. १८९४ मध्ये त्यांनी उलटं सोडलेलं मांजर पायांवर कसं पडतं ते छापलं. पुढे एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेत अभियंते एजरटन यांनी उलटा विचार केला. शटर पळवण्याऐवजी अंधारात क्षणभर दिवा लावायचा. हमिंगबर्डचे पंख त्यांनी अशाच लखलखाटात थांबवले.

चित्रावरून वेग कसा काढता?

चित्रात मोजपट्टी हवी, प्राण्याच्या शेजारी नाही, त्याच्याच प्रतलात, म्हणजे कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर. मग प्रत्येक फ्रेममध्ये एक बिंदू धरून त्याची जागा नोंदवायची. ‘ट्रॅकर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर शाळेलाही जमतं. प्रयोगशाळा आता ‘डीपलॅबकट’सारखी, शिकवून तयार होणारी साधनं वापरतात. एक धोका लक्षात ठेवा. जागेवरून वेग आणि वेगावरून त्वरण काढताना बिंदू अर्धा पिक्सेल इकडेतिकडे ठेवल्याची चूक दर पायरीला फुगत जाते. ‘हजार जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या हजार पट, असा भारी आकडा आला की आधी आपल्या बोटावर संशय घ्यावा.

कॅमेरा विकत घ्यायचाच असेल तर?

किंमत काही लाखांपासून सुरू होते आणि वर कुठे संपते ते विचारू नका. मुंबईत जाहिरातवाल्यांसाठी असे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दुधात पडणारं बिस्किट टिपतो तोच कॅमेरा बोंडही टिपतो. भाड्याने आणणार असाल तर आदल्या दिवशी घरी फोनवर पूर्ण तालीम करा: दिवे कुठे, कुंडी कुठे, काडी कुणाच्या हातात. आणि पिकलेली बोंडं मोजून ठेवा. वीसपेक्षा कमी असतील तर तारीख पुढे ढकला.